कमतरतेचं शास्त्र, भरल्या पोटाचा बाजार

उंचीची भीती असलेल्या आठ जणांना जपानमध्ये एका झुलत्या पुलावरून चालत नेण्यात आलं. काहींना आधी 'गाबा' नावाचं द्रव्य दिलं होतं, काहींना त्याच्या जागी निर्गुण काहीतरी. वाटेत त्यांची लाळ गोळा केली गेली. लाळेतलं इम्युनोग्लोब्युलिन-ए हे प्रतिपिंड माणूस घाबरला की घसरतं, त्यावरून ताण जोखायचा असा बेत होता. गाबा न घेतलेल्यांचं प्रमाण चांगलंच घसरलं, घेतलेल्यांचं टिकून राहिलं. २००६ साली हा निष्कर्ष 'बायोफॅक्टर्स' या नियतकालिकात छापून आला. आठ माणसं, एक पूल आणि थोडी लाळ. संशोधक होते गाबा बनवून विकणाऱ्या कंपनीचे.

गाबाच्या जाहिरातींत हा प्रयोग आजही आधाराला घेतला जातो. ताण, चिंता, झोप यांवर अमिनो आम्लांच्या कॅप्सूल विकणारा सगळा बाजार अशाच पुराव्यांवर उभा आहे, असं म्हटलं तर अन्याय होईल. या विषयात पक्कं शास्त्रही आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग दख्खनच्या पठारावर घडला. पण ते शास्त्र सांगतं एक आणि डब्यावर छापलं जातं दुसरंच.

मूळ युक्तिवाद साधा आहे. प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. या विसांतल्या काही आम्लांपासून मेंदू आपली संदेशवाहक रसायनं तयार करतो. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन, टायरोसिनपासून डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन. मग कच्चा माल वाढवला की पक्का माल वाढेल आणि मन ताळ्यावर येईल, अशी ही मांडणी. कॅलिफोर्नियातल्या ज्युलिया रॉस यांच्या २००२ सालच्या 'द मूड क्युअर' या पुस्तकाने ती अमेरिकेत घरोघरी पोचवली.

गाबाची गोष्ट थोडी वेगळी. ते प्रथिनांत नसतं. युजीन रॉबर्ट्स आणि सॅम फ्रँकेल यांना ते १९५० साली उंदराच्या मेंदूत मोठ्या प्रमाणात सापडलं आणि पुढे कळलं की मेंदूच्या उत्तेजनेला आवर घालणारं मुख्य रसायन हेच. डायझेपाम, अल्प्राझोलाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या गाबाच्याच ग्राहींवर काम करतात. तेव्हा गाबाच का खाऊ नये? अडचण अशी की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची जी घट्ट भिंत आहे, ती ओलांडून तोंडावाटे घेतलेलं गाबा मेंदूपर्यंत कितपत पोचतं याचीच शंका आहे. आतड्यातल्या मज्जातंतूंमार्फत काही परिणाम होत असावा, असा अंदाज मांडला जातो. तो खोटा ठरलेला नाही, तसाच सिद्धही झालेला नाही. जपानमध्ये मात्र ग्लिको कंपनीने २००५ सालीच गाबाचं चॉकलेट बाजारात आणलं. २०१५ पासून तिथे अन्नपदार्थावर गुणाचा दावा छापण्यासाठी कंपनीने कागदपत्रं सादर केली की पुरतं, सरकार प्रत्येक दाव्याची स्वतः परीक्षा घेत नाही.

भिंत ओलांडणारं गाबा रशियनांनी बनवून पाहिलं. १९६०च्या दशकात सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी गाबाच्या रेणूला एक फेनिल गट जोडला आणि 'फेनिबट' तयार झालं. ते मेंदूत पोचलं, चिंता खरोखर कमी झाली, अंतराळवीरांच्या औषधपेटीतही त्याला जागा मिळाली. आणि खऱ्या औषधाचे सगळे अवगुणही आले: सवय लागणं, मात्रा वाढत जाणं, सोडताना भास आणि झटके. तरी कित्येक वर्षं ते इंटरनेटवर 'पूरक आहार' म्हणून विकलं जात होतं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये विक्रेत्यांना तंबी दिली. जे मेंदूवर जोरात काम करतं ते औषधच असतं, डब्यावर काही लिहा.

ट्रिप्टोफॅनकडे वळलं की शास्त्राची जमीन घट्ट होते. १९०१ साली केंब्रिजमध्ये फ्रेडरिक हॉपकिन्स आणि सिडनी कोल यांनी ते दुधातल्या केसीनपासून वेगळं काढलं. प्रथिनांत त्याचं प्रमाण सगळ्यात कमी. त्यातही बहुतांश ट्रिप्टोफॅन यकृतात भलत्याच वाटेने जातं, सेरोटोनिनच्या वाट्याला जेमतेम काही टक्के येतं. शिवाय मेंदूत शिरताना त्याला ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलॲलनिन या थोरल्या भावंडांशी एकाच वाहक रेणूसाठी झोंबावं लागतं. म्हणून गंमत अशी होते की अंडी-पनीर असं भरपूर प्रथिन खाल्लं की रक्तात ट्रिप्टोफॅन वाढतं, पण स्पर्धकही वाढतात आणि मेंदूला जादा काही मिळत नाही. उलट नुसता पिठूळ-गोड आहार घेतला की इन्शुलिन वाढतं, ते स्पर्धकांना स्नायूंत ढकलतं आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड वर्टमन आणि जॉन फर्नस्ट्रॉम यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर हे दाखवून दिलं. टेन्शन आलं की साखरेचा डबा का आठवतो, याचं उत्तर सापडलं असं तेव्हा अनेकांना वाटलं. माणसांच्या रोजच्या मिश्र जेवणात मात्र थोडंसं प्रथिन असलं तरी हा परिणाम पुसला जातो.

मग उलटा प्रयोग झाला. ट्रिप्टोफॅन सोडून बाकीची अमिनो आम्लं घातलेलं पेय माणसाला पाजायचं, म्हणजे काही तासांत रक्तातलं ट्रिप्टोफॅन कोसळतं. १९९० साली पेद्रो देलगादो आणि सहकाऱ्यांनी औषधांनी नैराश्यातून बऱ्या झालेल्या २१ जणांना असं पेय दिलं. चौदा जणांचं नैराश्य त्याच दिवशी परतलं आणि नेहमीचं जेवण सुरू केल्यावर पुन्हा ओसरलं. धडधाकट माणसांवर हाच प्रयोग केला की बहुतेकांना फारसं काही जाणवत नाही. या प्रयोगांची बातमी जगभर गेली, पण तिचा अर्थ सोयीने लावला गेला. तळ गाठला की बिघडतं, म्हणून काठोकाठ भरलं की सुधारेल, असं त्यातून निघत नाही. सप्लिमेंटच्या बाजाराने नेमकी हीच उडी मारली.

ट्रिप्टोफॅनचं पुढचं रूप म्हणजे ५-एचटीपी, पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रिफोनिया वेलीच्या बियांतून काढलेलं. ते मेंदूत सहज शिरतं. नेदरलँड्समध्ये पॅनिक विकाराच्या २४ रुग्णांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवून मुद्दाम घबराट उठवण्यात आली, तेव्हा ५-एचटीपी घेतलेल्यांची घबराट कमी झाली. हा २००२ सालचा अभ्यास पुलावरच्या प्रयोगापेक्षा कितीतरी नीटस आहे. पण तो एका मात्रेचा आणि एका दुपारचा आहे. रोज घेऊन सहा महिन्यांनी काय होतं, याचं उत्तर त्यात नाही.

१९८९ चा ऑक्टोबर उजाडला आणि न्यू मेक्सिकोतल्या डॉक्टरांकडे विचित्र रुग्ण येऊ लागले. स्नायूंत असह्य कळा, अंगावर चट्टे, आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा पूर. सगळ्यांत समान गोष्ट एकच निघाली: झोपेसाठी किंवा मन शांत राहावं म्हणून घेतलेल्या एल-ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या. पाहता पाहता अमेरिकेत दीड हजारांवर रुग्ण नोंदले गेले, तीसहून अधिक जण दगावले. धागा शोवा देंको या जपानी कंपनीपर्यंत पोचला. तिने जनुकबदल केलेल्या जिवाणूंचा नवा वाण वापरायला घेतला होता आणि त्याच सुमारास शुद्धीकरणातली कोळशाची पूडही कमी केली होती. मालात अशुद्ध घटक सापडले. विक्री थांबवली गेली. दोष त्या अशुद्धीचाच की ट्रिप्टोफॅनच्या मोठ्या मात्रेचाही, यावर वाद चालत राहिला.

इतक्या मोठ्या अपघातानंतर कायदा कडक व्हायला हवा होता. झालं उलट. १९९४ साली अमेरिकी काँग्रेसने पूरक आहाराचा जो कायदा केला, त्यानुसार विक्रीपूर्वी उत्पादकाला गुण सिद्ध करावा लागत नाही. आज जगभर ऑनलाइन मिळणारे बहुतेक ब्रँड या सैल कायद्याच्या सावलीत वाढले आहेत.

कमतरता आणि मन यांचं नातं कुठे खरोखर दिसतं, तर ज्वारीच्या प्रदेशात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पेलाग्रा हा मक्यावर जगणाऱ्यांचा रोग मानला जाई: त्वचा होरपळते, जुलाब लागतात आणि मन ढासळतं, उदासीनता, बेचैनी, भ्रम. मक्यात नायसिन शरीराला मिळेल अशा रूपात नसतं आणि ज्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसिन बनवू शकतं तेही तोकडं असतं, असं त्याचं स्पष्टीकरण. पण तेलंगणपासून मराठवाड्याच्या कडेपर्यंतच्या दख्खनी पट्ट्यात ज्वारीची भाकरी खाणाऱ्या गरिबांनाही पेलाग्रा होत होता आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅनची तशी टंचाई नसते. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली 'लॅन्सेट'मध्ये वेगळाच आरोपी उभा केला. तो म्हणजे ल्युसिन. ज्वारीत ते फार, आणि त्याच्या अतिरेकाने ट्रिप्टोफॅन व नायसिनचा शरीरातला हिशोब बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे कमला कृष्णस्वामी आणि गोपालन यांनी अशा रुग्णांना आयसोल्युसिन देऊन पाहिलं, तेव्हा त्वचेबरोबर मेंदूच्या विद्युतआलेखातही सुधारणा दिसली. ल्युसिनच्या सिद्धांतावर नंतर आक्षेप आले, बी-६ जीवनसत्त्वाचा वाटाही पुढे आला. तरी एक गोष्ट या कामाने कायमची सांगून ठेवली: अमिनो आम्लांचा समतोल खरोखर ढळला तर मनावर परिणाम होतो आणि तो ढळतो तो एकाच धान्यावर जगावं लागल्यामुळे.

आज जिममध्ये जाणारा पोरगा ल्युसिनने भरलेली अमिनो आम्लांची पावडर पैसे मोजून पितो, हे गोपालन यांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

याच धाग्याचं दुसरं टोक सीरियात आहे. वायव्य सीरियातल्या गरीब गावांत लोकांचं पोट गव्हावर, आणि गव्हात लायसिन या अत्यावश्यक आम्लाची चणचण. संशोधकांनी काही कुटुंबांना तीन महिने लायसिन मिसळलेलं पीठ दिलं, काहींना साधं, कोणतं कोणाला हे कुणालाच न सांगता. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लायसिनवाल्या घरांतल्या पुरुषांची चिंता मोजपट्टीवर कमी भरली, स्त्रियांमध्ये ताणाच्या प्रसंगी रक्तात उसळणारं कॉर्टिसॉल मवाळ झालं. अमिनो आम्लं बनवणाऱ्या जपानच्या आजिनोमोतो कंपनीचे शास्त्रज्ञ या चमूत होते, हे ध्यानात ठेवायला हवं. पण प्रयोगाची रचना चांगली होती आणि प्रश्नही खरा होता. आहारात जे कमी आहे ते भरून काढलं तर मन निवतं का?

तीन वर्षांनी त्याच गटातल्या संशोधकांनी १०८ निरोगी जपानी माणसांना आठवडाभर रोज २.६४ ग्रॅम लायसिन आणि तेवढंच आर्जिनिन दिलं. चिंतेचे गुण इथेही उतरले. सप्लिमेंटवाल्यांचा आवडता अभ्यास हा दुसरा. पहिल्याचं नाव क्वचितच निघतं, कारण त्याचा रोख कॅप्सूलकडे नाही, पिठाकडे आहे.

तो रोख महाराष्ट्रातल्या ताटाला बरोबर लागू पडतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन जेमतेम दोन-अडीच टक्के, तूरडाळीच्या प्रथिनांत सहा-सात टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे १.८ ग्रॅम लायसिन लागतं. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं. म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल आणि घट्ट वरणाची एक वाटी यांत लायसिनपुरता फारसा फरक उरत नाही. भाकरीबरोबर पिठलं, उसळ किंवा आमटी रोज पोटभर खाणाऱ्याला लायसिनची कमतरता भेडसावणार नाही. जिथे डाळ महागली की आमटी आधी पातळ होते आणि मग बंदच होते, अशा घरांचा प्रश्न वेगळा आहे. पण लायसिनच्या डब्यांचे गिऱ्हाईक ती घरं नव्हेत.

आता थिॲनिन. सगळ्या यादीत सर्वाधिक लाडकं, आणि चहामुळे सर्वाधिक घरचं. जपानी संशोधकांनी ते १९४९-५०च्या सुमारास ग्योकुरो या उंची हिरव्या चहातून वेगळं काढलं. चहाच्या मुळांत ते बनतं, पानांत चढतं, आणि उन्हात त्याचं रूपांतर तुरट कॅटेचिनांत होतं. म्हणून ग्योकुरो आणि माचाच्या मळ्यांवर तोडणीआधी काही आठवडे सावली धरतात. मेंदूच्या आलेखात थिॲनिनमुळे अल्फा लहरी वाढतात, म्हणजे झोप न येता निवांतपणा येतो, असं अनेक छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. २००७ साली बारा विद्यार्थ्यांना तोंडी गणितं घालून छळलं, तेव्हा २०० मिलिग्रॅम थिॲनिन घेतलेल्यांच्या हृदयाचे ठोके कमी वाढले.

एका कपात किती असतं? २०११ मधल्या एका मोजणीत २०० मिलिलिटर काळ्या चहात सरासरी २४ मिलिग्रॅम निघालं, हिरव्यात, सगळ्यांच्या समजुतीविरुद्ध, जेमतेम आठ. चहा जितका वेळ मुरला तितकं जास्त उतरलं. थोड्या दुधाने फरक पडला नाही, भरपूर दूध घातल्यावर प्रमाण घटलं. खळखळून उकळलेला टपरीवरचा चहा या हिशोबात एका अंगाने जिंकतो आणि दुसऱ्या अंगाने हरतो. अभ्यासातली २०० मिलिग्रॅमची मात्रा गाठायला आठ पेले लागतील आणि तोवर कॅफिनने छाती धडधडू लागलेली असेल.

पण निरोगी विद्यार्थ्याला गणिताची धास्ती वाटणं वेगळं आणि चिंताविकार वेगळा. ऑस्ट्रेलियात जेरोम सॅरिस यांच्या गटाने तोच प्रश्न विचारला. सर्वंकष चिंताविकाराच्या ४६ रुग्णांना चालू औषधांसोबत रोज ४५० ते ९०० मिलिग्रॅम थिॲनिन किंवा निर्गुण गोळी देण्यात आली. २०१९ मध्ये निकाल आला: चिंतेच्या बाबतीत थिॲनिन निर्गुण गोळीच्या पुढे गेलं नाही. झोपेबद्दलचं समाधान तेवढं थोडं वाढलेलं दिसलं. त्याआधीच २०११ साली युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने थिॲनिनमुळे मानसिक ताण हलका होतो हा दावा अपुऱ्या पुराव्यापायी फेटाळला होता. तरी निरुपद्रवीपणात थिॲनिनचा नंबर वर लागतो आणि परीक्षेच्या सकाळी कुणी २०० मिलिग्रॅम घेतलं तर त्यात आकांडतांडव करण्यासारखं काही नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. टायरोसिनवर अमेरिकी लष्कराने मेहनत घेतली. नॅटिक इथल्या लष्करी संशोधकांनी १९८९ मध्ये सैनिकांना थंडी आणि विरळ हवेत बसवून पाहिलं, तेव्हा त्याने डोकं अधिक चाललं. डच छात्रसैनिकांवरही तसंच दिसलं. पण हा फायदा एकाग्रतेचा, तोही शरीर पिळून निघत असताना; चिंतेने आधीच ताठरलेल्या माणसाला नॉरॲड्रिनलिनचा कच्चा माल पुरवणं शहाणपणाचं नाही. झोपण्यापूर्वी तीन ग्रॅम ग्लायसिन घेतल्याने झोप थोडी सुधारते, असं जपानी अभ्यास सांगतात, अर्थात तेही छोटे. सिस्टिनपासून बनवलेलं एन-ॲसिटिल सिस्टिन पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचं सिद्ध औषध. २००९ मध्ये केस उपटण्याची अनिवार सवय असलेल्या ५० प्रौढांपैकी ते घेणाऱ्या ५६ टक्क्यांना बरं वाटलं, निर्गुण गोळीवर १६ टक्क्यांना. मुलांवर हाच प्रयोग फसला.

भारतात या डब्यांसाठी आरोग्य-पूरकांचे नियम आहेत. अमिनो आम्लांना त्यात परवानगी आहे आणि 'औषधी वापरासाठी नाही' हे डब्यावर छापणं सक्तीचं आहे. ते छापलेलं असतंही, मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. आत काय असतं हा आणखी वेगळा प्रश्न. केरळमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. चिंतेच्या कॅप्सूल याहून प्रामाणिक असतील असं मानायला कारण नाही.

खरा धोका असतो आधीच औषध चालू असलेल्यांना. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन अशा गोळ्यांवर असताना, किंवा दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल घेताना, कुणी ट्रिप्टोफॅन वा ५-एचटीपी सुरू केलं तर सेरोटोनिन हाताबाहेर वाढू शकतं: घाम, कापरं, जुलाब, धडधड, ताप, गोंधळलेपण. हे रुग्णालयात नेण्याचं दुखणं आहे. थायरॉइड वाढलेल्यांनी टायरोसिन टाळावं, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी कुठलंच आम्ल डॉक्टरांना न विचारता ग्रॅमग्रॅमने घेऊ नये. गोळी आयुर्वेदिक, 'नॅचरल' किंवा ऑनलाइन मागवलेली असली की ती डॉक्टरांना सांगायची नसते असा जो समज आहे, तो इथे महागात पडतो.

आणि कमतरताच शोधायची असेल तर महाराष्ट्रात ती कुठे आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून ठेवलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष होते. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांशांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि सर्वांत जास्त शहरी मध्यमवर्गात, म्हणजे ज्या वर्गाला या कॅप्सूल परवडतात त्याच्यात. निम्म्याहून अधिकांच्या रक्तात होमोसिस्टिन हे अमिनो आम्ल वाजवीपेक्षा जास्त साचलेलं होतं, कारण ते मेथिओनिनमध्ये बदलायला बी-१२ लागतं. बी-१२च्या कमतरतेने थकवा, चिडचिड, हातापायांना मुंग्या, उदासी असं बरंच काही होतं. आठ-पंधरा दिवस झोप उडाली आहे, छातीत धडधडतंय, कशात लक्ष लागत नाही, असं सांगणाऱ्या माणसाचं बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकदाच सुई टोचून घ्यावी लागते. हे सगळं ठीक निघालं आणि धडधड तशीच राहिली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे समुपदेशनाचे आणि औषधांचे हजारो रुग्णांवर पारखलेले उपाय आहेत. आणि तिथवर जायला संकोच वाटत असेल तर २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानस या दूरध्वनी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.